लेकाचा अर्ज डिफर झालाय, आता काय करू?

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळचे साताऱ्याचे. मुलगा यंदा बारावीत आहे. मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी त्याने एका खाजगी युनिव्हर्सिटीत अर्ली डिसिजनने, म्हणजे मिळाली तर तिथेच जायच्या बोलीवर लवकरच्या फेरीत, अर्ज केला होता. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी निकाल लागला. त्याने पोर्टल उघडलं तेव्हा आम्ही तिघंही त्याच्या खुर्चीमागे उभे होतो. 'डिफर्ड' असं आलं. आमच्याच ओळखीतल्या एका मुलीला तिथेच ॲडमिशन मिळाली. तेव्हापासून हा जेवायला खाली येतो, ताट वाढून घेतो आणि वर निघून जातो. (बाकीचे अर्ज भरायचे सोडून शेजारच्या आजोबांचा बंद पडलेला स्नोब्लोअर गॅरेजमध्ये खोलून बसलाय, ते वेगळंच.)

अर्जात काय कमी पडलं असेल? ह्यांच्या ऑफिसातल्या एकांचे भाऊ तिथे प्रोफेसर आहेत, त्यांच्याकडून शब्द टाकावा का? एसएटीला (कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला) १५२० आहेत, परत द्यायला लावू का? एक कन्सल्टंट म्हणतात, ३,००० डॉलरमध्ये 'डिफरल पॅकेज' करून देतो. आम्ही एच-वन बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि मुलगा एच-फोरवर, म्हणजे त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर, त्याचा काही संबंध असेल का? आणि सासूबाई रोज साताऱ्याहून फोन करून विचारतात, 'काय झालं ॲडमिशनचं?' त्यांना काय सांगू?

— एक आई, एडिसन

एडिसनच्या ताई,

तुमचं पत्र परवा आलं आणि बाकीची पत्रं मागे ठेवून आधी तुम्हाला लिहायला बसले. पुढच्या आठवड्यात शाळांना नाताळची सुट्टी लागेल आणि मग दोन जानेवारीपर्यंत तिथे कुणी फोन उचलणार नाही. त्याआधी एक काम व्हायला हवं, म्हणून तेच पहिल्यांदा सांगते.

उद्या सकाळी मुलाला त्याच्या शाळेच्या काउन्सेलरकडे पाठवा. त्याचं त्याला जाऊ द्या, तुम्ही सोबत जाऊ नका आणि त्याच्या वतीने ईमेलही करू नका. त्याने तिथे तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ज्या कॉलेजांची मुदत आहे, तिथे त्याची ट्रान्स्क्रिप्ट आणि शिक्षकांची शिफारसपत्रं गेली आहेत का, की नेव्हिअन्सवर (शाळेतून कॉलेजांना कागदपत्रं पाठवायच्या वेबसाइटवर) विनंती टाकायचीच राहिली आहे? सहामाहीचे मार्क आले की डिफर केलेल्या कॉलेजला मिडइयर रिपोर्ट कधी जाईल? आणि त्याला अजूनही तिथेच जायचं असेल, तर काउन्सेलर त्या रिपोर्टसोबत त्याच्याबद्दल दोन ओळी लिहील का? एका काउन्सेलरकडे २५० पेक्षा जास्त मुलं नसावीत, अशी अमेरिकेतल्या शाळा-काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून बरीच जास्त असतात. जो मुलगा स्वतः दारात येऊन उभा राहतो, त्याचीच फाइल त्या दिवशी उघडली जाते. मी स्वतः बरीच वर्षं त्या दाराच्या आतल्या खुर्चीत बसले आहे, म्हणून खात्रीने सांगते.

आता 'डिफर' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण या शब्दाने घरोघरी गोंधळ होतो. ॲडमिशन मिळाल्यावर वर्षभर थांबून जाणारी मुलंही 'डिफर केलं' म्हणतात, ते वेगळं. मार्चच्या शेवटी लागते ती वेटलिस्ट, तीही वेगळी. तुमच्या लेकाचा अर्ज नोव्हेंबरच्या गठ्ठ्यातून काढून जानेवारीच्या मोठ्या गठ्ठ्यात ठेवलाय, एवढंच झालंय. तो याच वर्षी, याच फेरीसाठी पुन्हा वाचला जाईल आणि मार्चच्या उत्तरार्धात निकाल लागेल. आणखी एक गोष्ट लगेच लागू झालीय, तिकडे तुमचं लक्ष गेलं नसेल. अर्ली डिसिजनच्या अर्जावर मुलाची, तुमची आणि काउन्सेलरची अशा तिघांच्या सह्या होत्या, की ॲडमिशन मिळाली तर तिथेच येऊ. डिफर झाल्याबरोबर तो शब्द सुटला. मार्चमध्ये तिथून होकार आला तरी तुम्ही बांधलेले नाही. एक मेपर्यंत बाकीच्या कॉलेजांचे आकडे शेजारी मांडून ठरवायला मोकळे आहात.

'काय कमी पडलं' या तुमच्या प्रश्नामागे मला आपली बोर्डावर लागणारी यादी दिसते. तुम्ही, मी, आपण सगळे त्या यादीत वाढलो. पीसीएमचे मार्क, कट-ऑफ आणि अर्ध्या मार्काने हुकलेलं सीओईपी. अर्धा मार्क कुठे गेला ते तरी कळायचं. इथे तशी यादीच नसते. कॉलेजला एक अख्खा वर्ग जुळवायचा असतो. किती मेकॅनिकलवाले, किती इतिहासवाले, कुठल्या राज्यातून किती, ऑर्केस्ट्रात ओबो वाजवणारं कुणी आहे का, असं सगळं बघतात. डिसेंबरमध्ये तो वर्ग निम्मासुद्धा ठरलेला नसतो. तेव्हा चांगला मुलगा समोर असूनही 'जानेवारीचे अर्ज बघू, मग ठरवू' असं म्हणतात. त्या मुलीला ॲडमिशन मिळाली म्हणून तुमच्या मुलाची गेली, असाही हिशेब नाही. दोघांचे अर्ज कदाचित एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचलेसुद्धा नसतील.

हेही बघा की 'डिफर' हा शब्द प्रत्येक कॉलेज आपापल्या रीतीने वापरतं. डिसेंबर २०२० मध्ये हार्वर्डला अर्लीचे दहा हजारांच्या वर अर्ज आले होते. त्यांनी ७४७ मुलं घेतली आणि जवळजवळ ८० टक्के डिफर केली. डिसेंबर २०२३ मध्ये येलने साधारण २० टक्केच डिफर केली आणि सत्तर टक्क्यांच्या वर मुलांना सरळ 'नाही' म्हटलं. जॉर्जटाऊनची तर कित्येक वर्षांची पद्धत अशी, की अर्लीत कुणाला नाकारायचंच नाही. ज्याला घेतलं नाही तो आपोआप पुढच्या फेरीत. म्हणजे येलचं डिफर आणि जॉर्जटाऊनचं डिफर यांचं वजन सारखं नाही. तुमच्या कॉलेजने यंदा किती मुलं डिफर केली ते तिथल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात बहुतेक छापून येतं. मुलाला शोधायला सांगा. आकडा दिसला की घरातली निम्मी कुजबुज थांबेल. पण जिथे दहातले नऊ अर्ज नाकारले जातात, तिथे डिफर झालेल्यांतले थोडेच मार्चमध्ये आत जातात. तेव्हा तो होकार येणारच असं धरून बसू नका, आणि येणारच नाही म्हणून हातही टेकू नका.

म्हणूनच माझ्या मते या तीन आठवड्यांतला मोठा वेळ त्या कॉलेजवर घालवू नये, बाकीच्या अर्जांवर घालवावा. ते भरायचे राहिलेत हे तुम्हीच लिहिलंय आणि तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट माझ्या लेखी तीच आहे. पुष्कळ कॉलेजांच्या रेग्युलरच्या, म्हणजे जानेवारीच्या नेहमीच्या फेरीच्या, मुदती एक ते पाच जानेवारीच्या दरम्यान संपतात आणि डिफर झालेलं मूल नेमकी तीच सुट्टी खोलीत बसून घालवतं. मग एकतीस डिसेंबरच्या रात्री जुन्याच एसेमध्ये कॉलेजचं नाव बदलून पाठवतं. तसं होऊ देऊ नका. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे एकाच फॉर्मवरून अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या साइटवर, वीस कॉलेजं घालता येतात म्हणून वीस भरायची नसतात. पाच-सहा निवडा. त्यातली दोन अशी हवीत की जिथे त्याला घेतील याची बऱ्यापैकी खात्री आहे आणि जिथे जायला तो मनापासून तयार आहे. आपल्या राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीचा, रटगर्सचा अर्ज नोव्हेंबरात टाकला असेल तर उत्तमच. नसेल तर न्यूअर्कचं एनजेआयटी बघा, होबोकेनचं स्टीव्हन्स बघा. स्टीव्हन्समध्ये शिकता शिकता कंपनीत काम करायची को-ऑपची सोय आहे, आणि हाताने काम करणाऱ्या मुलाला ती फार मानवते. ही नावं घेताना आपली माणसं नाक मुरडतात, त्याचा मला राग येतो. तिथून शिकून निघालेले कितीतरी चांगले इंजिनिअर याच राज्यात काम करतायत.

अर्ली डिसिजन टू नावाची आणखी एक फेरी असते. तिच्या मुदती जानेवारीत आणि निकाल फेब्रुवारीच्या मध्यावर. एनवाययू, टफ्ट्स, व्हँडरबिल्ट, जॉन्स हॉपकिन्स यांच्याकडे ती आहे आणि चारही ठिकाणी मेकॅनिकल आहे. पण तिथेही पुन्हा तिघांच्या सह्या लागतात आणि तीही बांधिलकीच असते. तिथे मिळालं की पहिल्या कॉलेजातला डिफर झालेला अर्ज मागे घ्यावा लागतो. मुलाच्या मनात अजून पहिलंच कॉलेज असेल तर केवळ घाबरून दुसऱ्याला शब्द देऊ नका. त्याला खरोखरच दुसरं एखादं तेवढंच आवडत असेल, आणि खर्च झेपणार असेल, तर जरूर करा. सही काउन्सेलरचीही लागते, म्हणजे हेही सुट्टीच्या आधीच विचारायला हवं.

खर्चाचं निघालंच आहे तर एच-फोरचं सांगते. हो, संबंध असू शकतो. मुलगा किंडरगार्टनपासून एडिसनच्या शाळेत शिकलेला असला तरी अर्जात नागरिकत्व भारतीय लिहिलेलं असतं. बरीच खाजगी कॉलेजं अशा मुलांना, निदान आर्थिक मदतीच्या बाबतीत, परदेशी विद्यार्थी धरतात. फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, त्यांना भरता येत नाही, म्हणजे केंद्र सरकारची मदत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही ॲडमिशन ठरवताना पैशांची गरज बघत नाहीत. बाकी बहुतेक बघतात. तुम्ही अर्जात मदत मागितली असेल तर डिसेंबरच्या निर्णयात त्याचाही भाग असू शकेल, आणि त्यात मुलाचा काडीचाही दोष नाही. मात्र आता घाईघाईने 'मदत नको' असं कळवू नका. एका वर्षाचा सगळा खर्च मोठ्या खाजगी युनिव्हर्सिट्यांत ८५,००० डॉलरच्या वर जातो, आणि आधी नको म्हटलेली मदत परदेशी विद्यार्थ्याला पुढे मागताच येत नाही, असाही नियम काही ठिकाणी असतो. आधी त्यांच्या फायनान्शियल एडच्या ऑफिसला विचारा. हा फोन तुम्ही करायला हरकत नाही, पैशांचं बोलणं आईवडिलांचंच काम आहे. सरकारी युनिव्हर्सिटीत राज्यातल्या रहिवाशाची फी एच-फोरला लागू होते का, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत; तेही लेखी विचारून घ्या. आणि एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो. तोवर ग्रीन कार्ड हातात आलं नाही तर कॉलेज पुरं व्हायच्या आतच त्याला एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसावर, जावं लागेल. तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाशी या वर्षीच बोलून ठेवा.

आता त्या पत्राविषयी, जे त्याने डिफर केलेल्या कॉलेजला लिहायचं आहे. काउन्सेलर मंडळी त्याला 'लेटर ऑफ कंटिन्यूड इंटरेस्ट' म्हणतात. मार्चमध्ये त्याची फाइल पुन्हा उघडेल तेव्हा तिच्यात नवीन अशा दोनच गोष्टी असतील: सहामाहीचे मार्क आणि हे पत्र. म्हणून यावर जरा थांबून बोलते.

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय आणि 'ते वेगळंच' म्हणून बाजूला सारलंय. शेजारच्या आजोबांचा स्नोब्लोअर. मला सांगा, हे त्याच्या अर्जात कुठे आहे का? बहुधा नसणार. कॉमन ॲपमध्ये ॲक्टिव्हिटीच्या दहा जागा असतात, प्रत्येकीला दीडशे अक्षरं. तिथे आपली मुलं रोबोटिक्स, ऑनर सोसायटी, मॅथ टीम असं भरतात. गॅरेजमध्ये जमिनीवर बसून केलेल्या कामाला कुणी ॲक्टिव्हिटी म्हणत नाही.

स्नोब्लोअर का बंद पडतो, ठाऊक आहे? मागच्या हिवाळ्यातलं पेट्रोल टाकीत तसंच राहतं. वर्षभरात ते शिळं होतं, कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो आणि जेट नावाच्या पितळी तुकड्याचं केसाएवढं भोक बुजतं. मग दोरी ओढली की मशीन दोन आचके देतं आणि गप्प होतं. ते भोक मोकळं करायला बारीक तारेचा तुकडा लागतो, उजेड लागतो आणि हात स्थिर ठेवावा लागतो. जोर केला तर भोक मोठं होतं आणि मशीन पुन्हा धड चालत नाही. सतरा वर्षांचा मुलगा, ज्याला आठवड्यापूर्वी आयुष्यातला पहिला मोठा धक्का बसलाय, तो मन रमवायला हे काम शोधतो. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे अर्ज वाचणाऱ्या माणसाला याहून जास्त काय कळायला हवं?

त्याला रागावू नका. जेवण झाल्यावर गॅरेजमध्ये जाऊन उभ्या राहा आणि विचारा, कुठवर आलं? किती वेळा चुकलं, कुठला स्क्रू आटे गेल्यामुळे निघेना, मग काय केलं. तो सांगेल. लिहून घेऊ नका, नुसतं ऐका. जानेवारीत पत्र लिहायला बसेल तेव्हा त्याला स्वतःलाच त्यातलं आठवेल.

पत्र एका पानाचं, तीनशे-साडेतीनशे शब्दांचं. बहुतेक मुलांच्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात मराठीत सांगायची तर अशी असते: 'आपल्या प्रतिष्ठित विद्यापीठाने माझा अर्ज पुढे ढकलल्याचे कळल्यावर मला अतीव निराशा झाली, तथापि माझा निर्धार अधिकच दृढ झाला आहे.' हे वाक्य कुणीही, कुठल्याही कॉलेजला लिहू शकतं. वाचणाऱ्याने त्या दिवशी तसली चाळीस वाचलेली असतात. त्याऐवजी पहिल्या दोन ओळींत साधं सांगावं, की मी मेकॅनिकलसाठी अर्ज केला होता, डिफर झालो, आणि अजूनही मला तुमच्याकडेच यायचं आहे. मिळालं तर नक्की येईन, हेही लिहावं. पण ते खरं असेल तरच, आणि फक्त एकाच कॉलेजला. पैशांचा प्रश्न उघडा असेल तर 'नक्की' हा शब्द गाळावा, माझी पहिली पसंती तुम्हीच आहात एवढं लिहावं. पुढे मधला मोठा परिच्छेद नोव्हेंबरनंतर काय केलं त्याचा. तिथे स्नोब्लोअर येऊ दे, जेटचं भोक येऊ दे, चुकलेला प्रयत्नही येऊ दे. मग चार ओळी, की हे करताना जो प्रश्न पडला त्याचं उत्तर तुमच्याकडे कुठल्या कोर्समध्ये, कुठल्या लॅबमध्ये शोधता येईल. कॉलेजच्या रँकिंगचं कौतुक तिथे नको. एखादा विषय नोव्हेंबरपर्यंत जड जात होता आणि आता सुधारला असेल तर ते एका वाक्यात. आभार, नाव, संपलं. का घेतलं नाही हे विचारायचं नाही. 'माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या मुलीला मिळालं' हा उल्लेख तर चुकूनही नको.

आणि ताई, ते पत्र तुम्ही दुरुस्त करू नका. माझी थोरली अशीच डिफर झाली होती. तिने लिहिलेलं पत्र मला पोरकट वाटलं, म्हणून ती झोपल्यावर मी रात्री एक वाजेपर्यंत बसून त्यातले शब्द बदलले. सकाळी तिने ते वाचलं आणि शांतपणे म्हणाली, 'आई, हे चांगलंय. पण ही मी नाहीये.' मी इतकी वर्षं परक्यांच्या मुलांना हेच सांगत आले होते आणि घरी मात्र विसरले. तिने तिचं जुनंच पत्र पाठवलं. स्पेलिंग तेवढं बघा, बाकी हात मागे ठेवा. इंग्रजीच्या बाईंना एकदा वाचायला दिलं तर पुरे.

पाठवायचं कुठे आणि कधी, हे डिफरच्या निरोपातच किंवा पोर्टलवर लिहिलेलं असतं. तो निरोप त्याने धक्क्यात अर्धाच वाचला असेल, पुन्हा शेवटपर्यंत वाचायला सांगा. काही ठिकाणी स्वतंत्र फॉर्म असतो. एमआयटी डिफर झालेल्या मुलांकडून फेब्रुवारीत 'अपडेट्स अँड नोट्स'चा फॉर्म भरून घेतं, तसा. फॉर्म असेल तर जे सांगायचं ते फॉर्ममध्येच. काही कॉलेजं मार्कांखेरीज काहीच पाठवू नका म्हणतात, तिथे खरंच काही पाठवू नये. तसं काही लिहिलेलं नसेल तर पोर्टलवर चढवावं, किंवा न्यू जर्सीचे अर्ज वाचणाऱ्या ॲडमिशन ऑफिसरला पाठवावं. नाव कॉलेजच्या साइटवर मिळतं. बाकीचे अर्ज गेले की जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लिहावं आणि महिनाअखेरीपर्यंत पाठवावं. एकदाच. दर पंधरा दिवसांनी नवीन सर्टिफिकेट पाठवणारी मुलं मी पाहिली आहेत, त्याने फाइल जाड होते, एवढंच.

मार्कांचं थोडक्यात सांगते. आपल्या इकडच्या बहुतेक शाळांत दुसरा मार्किंग पीरियड जानेवारीच्या शेवटी संपतो आणि मिडइयर रिपोर्टमध्ये तेच मार्क जातात. अर्ज गेल्यावर बारावीतली मुलं सैल पडतात, हे कॉलेजला चांगलं ठाऊक असतं. तुमच्या मुलाचे गेल्या वेळेइतके राहिले तरी चालेल, घसरले तर मात्र वरचं सगळं पत्र वाया जाईल. कॅल्क्युलस आणि फिजिक्सकडे लक्ष असू द्यायला सांगा.

एसएटी परत नको. १५२० पुरेसे आहेत, आणि पुढची परीक्षा मार्चमध्ये आहे, तिचा या निर्णयाला उपयोग नाही.

प्रोफेसरांकडून शब्द टाकू नका. तुमच्या मुलाला कधी न भेटलेल्या माणसाने काय लिहायचं? असं पत्र आलं की वाचणाऱ्याला इतकंच कळतं, की आईवडिलांची ओळख आहे. कॉलेज आणखी एक शिफारसपत्र चालेल म्हणत असेल तर यंदा त्याला शिकवणाऱ्या, त्याला जवळून पाहणाऱ्या शिक्षकाचं घ्या. मिठाई, फोन, कॅम्पसवर जाऊन भेटणं, यांतलं काही नको.

कन्सल्टंटला ते ३,००० डॉलर देऊ नका. वर लिहिलंय त्यापेक्षा वेगळं त्या पॅकेजमध्ये काही असणार नाही, आणि पत्र जर त्यांनी लिहिलं तर ते तुमच्या मुलाचं राहणारच नाही. दर अर्जामागे ७५-८० डॉलर फी धरून सगळे अर्ज भरले तरी त्यातले बहुतेक पैसे शिल्लक राहतील.

आता घरातलं. चार-पाच दिवस तो गप्प राहिला तर राहू द्या. निकाल लागला तेव्हा तुम्ही तिघंही खुर्चीमागे होतात, म्हणजे त्याला आधी तुमचे चेहरे सांभाळावे लागले, मग स्वतःचा. मार्चमध्ये पोर्टल उघडेल तेव्हा त्याला एकट्याला उघडू द्या. खाली येऊन सांगेल. 'आमचंच नशीब' हे वाक्य त्याच्या कानावर पडू देऊ नका. तो त्याचा अर्थ 'माझ्यामुळे' असा लावेल. ॲडमिशनचं बोलणं रविवारी दुपारी अर्धा तास, असं ठरवून टाका, आठवड्याचे बाकी दिवस त्या विषयाला सुट्टी. मात्र तो झोपतच नाही, खातच नाही, किंवा जगण्यात राम नाही अशा अर्थाचं काही बोलला, तर थांबू नका. शाळेला कळवा, डॉक्टरांना कळवा. ९८८ या नंबरावर देशभरात कुठूनही, दिवसरात्र फोन किंवा मेसेज करता येतो.

त्या मुलीच्या आईला तुम्ही आजच फोन करून मनापासून अभिनंदन करा. मुलाला 'तूही मेसेज कर' म्हणून भाग पाडू नका. त्याला वाटेल तेव्हा करेल.

सासूबाईंना खरं तेच सांगा: निकाल अजून लागलेला नाही, मार्चअखेर लागेल. त्यांना डिफर, रेग्युलर असलं काही समजावत बसायची गरज नाही. तोपर्यंत दर फोनला ॲडमिशनचं विचारू नका, अशी त्यांना प्रेमाने विनंती करा, आणि फोन नातवाच्या हातात द्या. गॅरेजात काय चाललंय ते आजीला विचारू दे. बर्फ काढायचं मशीन कसं असतं, पेट्रोल शिळं कसं होतं, हे साताऱ्यातल्या आजीला मराठीतून समजावून सांगायला त्याला नीट विचार करावा लागेल. जानेवारीतलं पत्र सोपं करून लिहायची ती चांगली तालीम आहे.

आणि मशीन सुरू झालं, की शेजारच्या आजोबांच्या ड्राइव्हवेवरचा पहिला बर्फ त्यालाच काढू द्या, मग त्या दिवशी अर्जाची मुदत का जवळ आलेली असेना. तासाभराचं काम आहे.